अर्ध्या नावांचे कोट

सून उलट उत्तर देते अशी तक्रार घरोघर ऐकू येते. कात्रीबाईंची तक्रार वेगळी होती. त्यांची सून उत्तरच देत नसे.

“भांडत नाही, रुसत नाही, आदळआपट करत नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसते नुसती,” कात्रीबाई काजं करणाऱ्या बाईला सांगत होत्या. “मी इकडे घसा कोरडा करते आणि ही कंप्युटरकडे बघते. अगं, भिंतीशी बोललं तरी निदान आवाज परत येतो!”

काजं करणारी बाई दातात दोरा धरून “हूं” म्हणाली. या शिवणघरात ती इतकी मुरलेली होती, की कुठल्या वाक्याला ‘हूं’ म्हणायचं आणि कुठल्या वाक्याला सुई हरवल्याचं निमित्त करून खाली वाकायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कात्रीबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं, आणि तेही पाठीमागे. कापड कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि माणसं कापण्यातही. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलं होतं. सही करायची वेळ आली की कपाळाला आठ्या पडत. पण आपली वस्तू ओळखायला त्यांना अक्षरांची गरज पडत नसे. कात्री असो, टेप असो, बॉबिनचा डबा असो की छत्रीची मूठ, जे त्यांचं, त्याला लाल दोरा बांधलेला. दोन वेढे, गाठीवर गाठ आणि दोऱ्याचं टोक आत दडवलेलं. ती गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. मुलगा गमतीनं म्हणायचा, “आईनं मलाही बांधलाच असेल कुठेतरी.”

या घरचे नियमही त्यांचेच. बटणं जुन्या शर्टाची काढून ठेवायची, ती चालतात. अस्तर उलटून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कपडा द्यायचा नाही. आणि नव्या पॅन्टला जुनी चेन लावायची नाही, गिऱ्हाइकानं पाय धरले तरी नाही. “पॅन्ट नवी आणि चेन दमलेली,” त्या म्हणायच्या, “म्हणजे चारचौघांत दगा देणार. आणि हसं त्या चेनचं होत नाही, शिवणाऱ्याचं होतं.”

म्हणूनच त्यांच्या हातचा कपडा कधी परत येत नसे. आला नव्हताच, गेल्या काही आठवड्यांपर्यंत.

शिवणघरात हॉस्पिटलचं काम आलं होतं. पांढरे कोट, आणि खिशावर निळ्या दोऱ्यानं प्रत्येकाचं नाव भरायचं. भरतकामाचं यंत्र होतंच. सून कंप्युटरवर नाव मांडायची, अक्षरांची वळणं नीट करायची, आणि मग कंप्युटर एका वायरीतून यंत्राला टाका टाका सांगत जायचा. यंत्र इमानदार नोकरासारखं, सांगेल तेवढंच करणारं. पण मध्येच कंप्युटरचा पडदा काळा व्हायचा. ना काही सूचना, ना आवाज. पंखा थांबायचा, मग स्वतःच पुन्हा सुरू व्हायचा, जणू काही झालंच नाही. इकडे यंत्राची सुई अर्ध्या अक्षरात हवेत लटकलेली. पुन्हा सुरू केलं की नाव केसभर सरकून स्वतःवरच चढायचं. एका डॉक्टरच्या खिशावर नुसतंच ‘डॉ.’ उमटून थांबलं होतं. एका नर्सचं आडनाव दोनदा भरलं गेलं होतं, जाड, काळंनिळं, मार लागल्यासारखं.

असे कोट कात्रीबाई कापायच्या टेबलाखालच्या पेटीत टाकत आणि वर जुनी चादर पसरत. पेटीकडे बघायचं टाळत. रस्त्यात कुणी “काम कसं चाललंय?” विचारलं तर त्या चपलेचा पट्टा नीट करायला वाकत. त्यांना वाटे, गल्लीतल्या प्रत्येकाला त्या पेटीत काय आहे ते दिसतं आहे.

आणि लाज वाटली की कात्रीबाईंना राग यायचा. तो कुठेतरी काढावा लागायचा. सून समोरच बसलेली असायची.

“माझा मुलगा बिलं करतो तेव्हा नाही बंद पडत,” त्या म्हणत. “मी गाणी ऐकते तेव्हा नाही बंद पडत. हिनं हात लावला की डोळे पांढरे करतो. यंत्रालासुद्धा माणूस कळतो.”

“आई, तेव्हा त्याला हलकं काम असतं,” सून एकदाच म्हणाली होती. “माझं काम जड आहे. तेव्हाच बसतो तो.”

“म्हणजे मशीन कामचुकार, आणि तू कष्टाळू?”

त्यानंतर सून बोलली नाही.

कंप्युटर तसा नवाच होता. जुना कायमचा झोपला म्हणून वर्षापूर्वी घेतलेला. आणि तो कसा घेतला हे कात्रीबाई येईल त्याला सांगत. “दुकानात स्टूल टाकून समोर बसले. एकेक भाग डोळ्यांदेखत जोडून घेतला. या लोकांचा काय भरवसा? मी असताना कुणाची बिशाद आहे फसवायची!”

ती गोष्ट मेट्रनबाईंनीही ऐकली होती. मेट्रनबाई म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सांच्या प्रमुख. इस्त्रीच्या घडीसारख्या सरळ चालायच्या, आणि बोलायच्याही तशाच. झालेले कोट बघायला त्या आल्या आणि नेमका त्यांच्यासमोर पडदा काळा झाला. सुई थांबली. खिशावर त्यांचंच नाव चाललं होतं.

मेट्रनबाई वाकून बघत म्हणाल्या, “मावशी, मी एवढीच?”

काजं करणारी बाई सुई शोधायला खाली वाकली.

कात्रीबाईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. “माझ्या कामात खोट नाही, मेट्रनबाई. ही आहे ना, आमची सूनबाई, हिच्या हाताला यश नाही. शिकली क्लासला जाऊन, पण हातात नाही ते नाही. सोमवारपासून माझा भाचा बसेल या खुर्चीवर. ही काजं करेल. ते जमलं तर.”

सून उठून उभी राहिली होती. तिचे कान लाल झाले. तिनं फक्त कोटाचा खिसा तळहातानं सपाट केला, पुन्हा केला, जणू तो चुरगळला होता. मुलगा दारात उभा होता. त्यानं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

मेट्रनबाईंनी कुणाकडेच न बघता पर्स काखेत अडकवली. मग म्हणाल्या, “कुणीही बसवा. नवा विभाग सुरू होतोय, माझ्या माणसांच्या अंगावर पूर्ण नावं पाहिजेत. सोमवारी येते. तेव्हाही असंच असेल, तर मला दुसरीकडे जावं लागेल. मला बरं वाटणार नाही, पण जाईन.”

त्या गेल्या. सून आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली.

“आई, सोमवारपर्यंत खुर्ची माझ्याकडे आहे ना?”

“आहे.”

“मग मी बघते त्याला काय झालंय.”

“बघ. पण मोडलास तर याद राख.”

सून कामाला लागली. आधी तिनं भरतकामाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. कंप्युटर बंद पडला. मग तिला इस्त्रीचा संशय आला. इस्त्री आणि कंप्युटर एकाच बोर्डावर होते. तिनं कंप्युटरला स्वयंपाकघरातून वेगळी वायर ओढून आणली. कात्रीबाई त्या वायरीला अडखळल्या आणि तिच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून आल्या. कंप्युटर बंद पडला. मग सुनेनं त्याचं झाकण उघडलं आणि शिलाई मशीन साफ करायच्या ब्रशनं आतली धूळ काढली. पंख्याच्या पात्यांवर कापसाची लव बसली होती, ती चिमटीनं उचलली.

झाकण उघडं असताना ती बराच वेळ आत बघत राहिली. ब्रश हातात तसाच.

“काय दिसलं? देव?” कात्रीबाईंनी कापायच्या टेबलावरून विचारलं.

“काही नाही, आई. धूळ खूप आहे.”

तिनं झाकण लावलं. कंप्युटर पुन्हा बंद पडला. मग आठवण ठेवणाऱ्या रॅमच्या दोन पट्ट्या तिनं काढल्या, एक घालून पाहिली, मग दुसरी घालून. दोन्ही वेळा तेच. एकदा वायर बदलली, एकदा पडद्याची पिन. मुलगा तिला म्हणाला, “सोड ना, उगाच कशाला? आईचा भाचा येईल, बघेल.” ती म्हणाली, “दुसरं काही निघतंय का बघू दे.” कात्रीबाईंनी ते ऐकलं. दुसरं म्हणजे कशाहून दुसरं, हा विचार मात्र त्यांच्या डोक्यात आला नाही.

रविवारी सुनेनं एक विचित्र विनंती केली.

“आई, तुम्ही बसा खुर्चीवर.”

“मी?”

“फक्त हे बटण दाबायचं. मी दारात उभी राहते, हात मागे बांधून.”

काजं करणारी बाई हसू दाबत होती. कात्रीबाई पदर खोचून खुर्चीवर बसल्या, जशा काही पाहुण्यांच्या पंगतीत बसाव्यात. सुनेनं मोठं नक्षीकाम उघडून ठेवलं होतं. कात्रीबाईंनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, सुई चालली, चिंधीवर निळं फूल उमलू लागलं. कात्रीबाई विजयानं मागे वळल्या.

“बघ! माझ्या हाताला...”

पडदा काळा झाला. पंखा थांबला. सुई पाकळीत अडकून राहिली.

सून दारात होती. हात मागे.

कात्रीबाईंनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. मग त्या उठल्या. “तूच काहीतरी करून ठेवलं असशील,” त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीच्या धारेचा नव्हता, आणि ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं. त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे असंही म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी सून शेजारच्या झेरॉक्सवाल्याला घेऊन आली. त्याच्या काखेत एक लोखंडी डबा होता, वायरींच्या शेपट्या लोंबणारा.

“वहिनी म्हणाल्या पॉवर सप्लाय लावून बघायचाय,” तो कात्रीबाईंना म्हणाला. “माझ्याकडे एक जादा होता. हा डबा आतल्या सगळ्या भागांना वीज वाटतो, मावशी. घरात वाढणारी बाई दमली की पंगत अर्धी उठते ना, तसं.”

“वाढणारी बाई कधी दमत नाही. दमल्याचं सांगते,” कात्रीबाई म्हणाल्या.

सून मध्येच म्हणाली, “आई, मेट्रनबाई येतील आता. तुम्ही आत चहाचं बघता?”

चहाचं बघा? या घरात कात्रीबाईंना काम सांगायची हिंमत कुणी केली नव्हती. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्या आत गेल्या, आधण ठेवलं, आणि परत येऊन दाराच्या पडद्याआडून बघत राहिल्या.

झेरॉक्सवाला स्क्रू काढत होता. सुनेनं जुना डबा अलगद बाहेर ओढला. तो कंप्युटरच्या मानानं मळका होता, एका कडेला गंजाचा डाग. मग तिनं दोरे तोडायची छोटी कात्री घेतली, डब्याच्या वायरींमध्ये खुपसली, काहीतरी कापलं आणि पटकन मुठीत धरलं.

त्याच वेळी मेट्रनबाई दारात आल्या. आणि त्याच वेळी कात्रीबाई बाहेर आल्या.

“काय लपवलंस?”

सून दचकली. “काही नाही, आई.”

“मेट्रनबाई, बरं झालं आलात. बघा आता. मी उगाच म्हणत नव्हते. काहीतरी काढलं तिनं आतून, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मूठ उघड.”

“आई, राहू दे ना.”

“मूठ उघड म्हणते!”

मुलगा म्हणाला, “आई, अगं...”, आणि तिथंच थांबला, नेहमीसारखा.

सुनेनं कात्रीबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दया होती, आणि ती कात्रीबाईंना आधी कळलीच नाही, कारण त्यांच्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं. मग सुनेनं मूठ उघडली.

तळहातावर लाल दोरा होता. दोन वेढे. गाठीवर गाठ. टोक आत दडवलेलं.

काजं करणाऱ्या बाईनं तो पाहिला. या वेळी ती सुई शोधायला वाकली नाही. तोंड उघडं टाकून बघत राहिली.

कात्रीबाईंना सगळं एकदम आठवलं, अंगावर गरम पाणी पडल्यासारखं. दुकानातलं स्टूल. दुकानदाराच्या हातातला कोरा डबा. आणि त्यांचा स्वतःचा आवाज: “तो ठेव परत. आमच्या जुन्याचा डबा चांगला चालतोय, तोच घाल.” दुकानदार म्हणाला होता, “मावशी, हा दमलाय. नव्याचं काम जास्त, त्याला झेपणार नाही.” आणि त्या म्हणाल्या होत्या, “चालती वस्तू टाकून द्यायची आमच्यात पद्धत नाही. मला शिकवू नकोस.” तो हातचलाखी करेल, जुना म्हणून तिसराच घालेल, म्हणून त्यांनी पिशवीतून दोरा काढला होता आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली होती. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानं तेव्हाही अंगठ्याकडेच पाहिलं असणार.

नव्या पॅन्टला जुनी चेन. या हातांनी.

“हे काय आहे?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“दोरा,” सून सहज म्हणाली. “शिवणघर आहे, कुठेही अडकतात. डबा दमलेला निघाला, मेट्रनबाई. दुकानदारानंच जुना घातला असेल. आता दुसरा लावतोय, तुम्ही बसा, तुमचं नाव भरून दाखवते.”

झेरॉक्सवाल्यानं आपला डबा बसवून स्क्रू पिळला. सुनेनं कंप्युटर सुरू केला, यंत्रावर नवा कोट चढवला. सुई चालू लागली. कात्रीबाई तिथंच उभ्या होत्या. आत आधण उतू जाऊन शेगडी फसफसली, तरी त्या हलल्या नाहीत. सुई अक्षरामागून अक्षर टाकत गेली, वळली, काना दिला, अनुस्वार दिला. सगळेजण त्या सुईकडे बघत होते, आणि कात्रीबाई सुनेच्या मानेकडे. वाकलेली मान. ती मान त्यांनीच वाकवली होती, याच माणसांसमोर.

नाव पूर्ण झालं. यंत्र स्वतःहून थांबलं.

मेट्रनबाईंनी खिशावरून बोट फिरवलं. “आता मी पूर्ण झाले,” त्या म्हणाल्या. “भाच्यानं चांगलं काम केलं हो.”

ते कुणाला लागावं म्हणून म्हटलं होतं, हे कात्रीबाईंना कळलं. आणि लागलं.

“भाचा आलेलाच नाही,” त्या म्हणाल्या. मग सुनेला विचारलं, “कधी दिसली तुला ही गाठ?”

सुनेनं कोटावरचं दोऱ्याचं टोक तोडलं.

“मी विचारतेय.”

“धूळ काढली तेव्हा.”

“तेव्हा? मग त्यानंतर त्या पट्ट्या काढल्यास, वायरी बदलल्यास, मला खुर्चीवर बसवलंस, ते सगळं कशाला?”

सुनेनं कोटाची घडी घातली. “वाटलं, दुसरं काही निघालं तर बरं होईल.”

कात्रीबाईंनी टेबलाची कड धरली. आयुष्यात त्यांना बरेच लोक टाकून बोलले होते, आणि त्यांनी एकाचंही ठेवून घेतलं नव्हतं. पण याला परत काय द्यायचं? त्या जिच्या हाताला यश नाही म्हणाल्या, ती शेवटपर्यंत दुसरा कुणी गुन्हेगार शोधत बसली होती. सापडला नाही, तर पुरावा कापून मुठीत घेतला होता. आणि तीच मूठ त्यांनी लोकांसमोर उघडायला लावली होती. मेट्रनबाई बसलेल्या, झेरॉक्सवाला स्क्रूड्रायव्हर धरून उभा, काजं करणारी बाई श्वास रोखून, मुलगा खाली बघत. जमीन दुभंगावी असं म्हणतात लोक. कात्रीबाईंना तेही नको होतं. जमिनीत गेलं तर बोलता येणार नाही, आणि बोलावं तर लागणारच होतं.

त्या वाकल्या. टेबलाखालची पेटी ओढली, चादर बाजूला केली, आणि अर्ध्या नावांचे सगळे कोट काढून टेबलावर टाकले. डॉक्टरचा ‘डॉ.’ सगळ्यांत वर आला.

“मेट्रनबाई, ऐका. तो डबा दुकानदारानं नाही घातला. मी घालायला लावला, त्याला दटावून. हा दोरा माझा आहे. खात्री करायची तर माझी कात्री बघा, छत्री बघा. हे कोट माझ्यामुळे गेले, ते मी माझ्याकडून नवे करून देणार. आणि सोमवारपासून कोण बसणार हे मी तुमच्यासमोर बोलले होते, तर तेही तुमच्यासमोरच परत घेते.”

मग त्या सुनेकडे वळल्या. डोळे भरून येऊ नयेत म्हणून त्यांनी आवाजाला होती नव्हती तेवढी धार लावली.

“आणि तू, सूनबाई, कान उघडे ठेवून ऐक. खुर्ची तुझी. भाच्याला मी कळवते, आणि खोटं कारण सांगणार नाही. हात तुझा चांगला आहे, तो माझ्या जिभेला दिसला नाही. पण चूक तुझीही आहे. माझी लाज मुठीत धरून बसलीस. ती माझी होती, माझ्या पदरात टाकायची. पुन्हा माझी चूक दिसली, तर तिथल्या तिथे, मोठ्यानं, माझ्या तोंडावर सांगायची. आणि त्या वेळी जर मिठाची गुळणी धरलीस, तर मात्र देवाशपथ सांगते, काजं करायलाच बसवीन तुला!”